डोंगराची नोंदवही

(दहावी १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बोलशील का, असं विचारायला संयोजकांचा फोन आला, तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती. "कॉम्प्युटरवर बोलू नकोस, आमची मुलं घरी तेच बोलतात." म्हणून आज मी माझ्या दुसऱ्या उद्योगाविषयी बोलणार आहे. सोमवार ते शुक्रवार मी हिंजवडीत एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. शनिवारी पहाटे गाडी काढते आणि कात्रज, चेलाडी, मार्गासनी करत वेल्ह्याला, नाहीतर कापूरहोळवरून भोरला येते. गळ्यात दुर्बीण, पाठीवर सॅक, खिशात वही. गेली बारा वर्षं हे चालू आहे. मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही, प्राणिशास्त्रज्ञ नाही. माझी पदवी इंजिनिअरिंगची. जे दिसतं ते तारीख घालून लिहून ठेवायचं, एवढंच मी करते.

तारीख घालून का, ते आधी सांगते, आणि त्यासाठी कॉम्प्युटरचं एकच वाक्य बोलते. आमच्या कामात रात्री दोन वाजता एखादी यंत्रणा बंद पडली, की पहिला प्रश्न येतो, "लॉग कुठे आहे?" लॉग म्हणजे यंत्रणेनं स्वतःची लिहिलेली रोजनिशी. ती असली की बिघाड कुठून सुरू झाला ते सापडतं. नसली की दहा माणसं दहा अंदाज बांधत बसतात. आपल्या डोंगरांचा असा लॉग फारसा कुणी ठेवलेला नाही. "पूर्वी खूप होतं, आता काही राहिलं नाही" हे वाक्य प्रत्येक पारावर ऐकू येतं. पण पूर्वी म्हणजे कधी, खूप म्हणजे किती, आणि कमी व्हायला लागलं ते कोणत्या साली, हे विचारलं की सगळे गप्प.

गिधाडांचं उदाहरण घ्या. आपण प्राथमिक शाळेत होतो तेव्हा मेलेलं जनावर गावाबाहेर नेऊन टाकलं, की वर आभाळात गिधाडं घिरट्या घालायची. नाक दाबून ती बघायला गेलेले इथे बरेच जण बसले आहेत. आपण कॉलेजात जाईपर्यंत ती दिसेनाशी झाली. नंतर कळलं, की हे संपूर्ण देशात घडत होतं. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ साली जगापुढे आलं. गुरांना सूज आणि वेदना कमी करायला दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होतं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी करत होतं. २००६मध्ये सरकारनं जनावरांसाठी या औषधावर बंदी आणली. पण आपल्या गावावर शेवटचं गिधाड कोणत्या वर्षी दिसलं, हे या सभागृहातल्या कुणालाही सांगता येणार नाही. एवढा मोठा पक्षी आपल्या डोक्यावरून गेला तो गेलाच, आणि कुणाच्याही वहीत त्याची ओळ नाही. माझी वही सुरू झाली ती या विचारातून.

आता वहीत काय आहे ते सांगते.

आपला मुलूख नोंदी करायला फार सोयीचा आहे. नसरापूरहून निघून पश्चिमेला वरंध किंवा मढे घाटाच्या तोंडाशी जाईपर्यंत पाऊस वाढत जातो आणि त्याच्याबरोबर झाडी बदलत जाते. पूर्वेला बाभळी, बोरी आणि गवताळ माळ. मध्ये ऐन, किंजळ, नाणा. घाटमाथ्यावर अंजनी आणि जांभूळ यांची सदाहरित दाटी. तासा-दीड तासाच्या प्रवासात तीन वेगळी जंगलं. शाळेच्या सहलीला आपण बनेश्वरला जायचो, आठवतंय? तेव्हा आपलं लक्ष डब्यावर होतं. हिवाळ्यात त्याच बनात दुर्बीण घेऊन तासभर बसा. स्वर्गीय नर्तक आपली लांब पांढरी शेपटी फडकवत डोक्यावरून जातो.

माझ्या वहीतलं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते मेच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतं, पावशा "पेरते व्हा, पेरते व्हा" ओरडायला लागला की. करवंदं आणि जांभळं पिकलेली असतात, तोरणाची पांढरी फळं संपत आलेली असतात. या तोरणाच्या जाळ्यांवरूनच तोरण्याला नाव मिळालं, असं म्हणतात. आणि त्याच दिवसांत अंधार पडला की राजगडाच्या पायथ्याच्या झाडांवर काजवे येतात.

काजवे आपण सगळ्यांनी पाहिलेत, पण नीट बघत बसलं तर काय दिसतं ते सांगते. साडेसातच्या सुमारास एखाद-दुसरा लुकलुकतो. आठनंतर संख्या वाढते. मग एखाद्या हिरड्यावर किंवा ऐनावर शेकडो काजवे जमतात आणि हळूहळू त्यांचा ताल जुळतो. संपूर्ण झाड एकदम उजळतं, एकदम विझतं. हा सगळा खटाटोप जोडीदार शोधण्यासाठी असतो. काजव्याची अळी कित्येक महिने ओलसर मातीत, पालापाचोळ्यात राहून गोगलगायी खाते. पंख फुटलेला काजवा मात्र जेमतेम दोन-तीन आठवडे जगतो. त्या थोडक्या रात्रींत जोडीदार सापडला नाही, तर पुढच्या वर्षीचे काजवे नाहीत.

आणि नेमक्या याच रात्रींत आता गाड्यांची रांग लागते. हेडलाइट चालू, मोबाईलचे टॉर्च चालू, मुलांच्या हातात बाटल्या. माझ्या नोंदीत एक झाड आहे. पहिली चार वर्षं ते दर जूनमध्ये उजळायचं. मग शेजारी एका फार्महाऊसच्या फाटकावर मोठा पांढरा दिवा लागला. पहिल्या वर्षी त्या बाजूच्या फांद्यांवर काजवे कमी दिसले, तिसऱ्या वर्षी झाड जवळजवळ काळं राहिलं. एका झाडावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण प्रखर उजेडात काजव्यांना एकमेकांचा प्रकाश दिसत नाही आणि जोड्या जुळत नाहीत, हे अभ्यासकांनी इतर ठिकाणीही दाखवलं आहे.

पहिला जोराचा पाऊस झाला की काजवे ओसरतात आणि खेळ जमिनीवर येतो. ओढ्यांना पाणी आलं की चढणीचे मासे उलट्या प्रवाहात उड्या मारत भातखाचरांपर्यंत पोचतात. शेवळं, फोडशी, भारंगी, टाकळा या भाज्या मी पुस्तकातून नाही शिकले. वेल्ह्याच्या बाजारात पाटीमागे बसणाऱ्या एका आजींनी मला शिकवल्या. शेवळं आणली तर सोबत काकडही घालायचा, नाहीतर घसा खाजतो, हेही त्यांनीच सांगितलं. फोडशीची पानं खुडायची, कांदा उपटायचा नाही, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा मिळते. शाश्वत विकास या विषयावर आमच्या कंपनीत दोन तासांचं सादरीकरण झालं होतं. त्याचं सगळं सार आजींच्या या एका वाक्यात होतं, आणि शिवाय एक जुडी भाजी मिळाली ती वेगळीच.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रायरेश्वराच्या पठारावर जा. सोनकी, कवला आणि तेरडा यांचे पट्टे तर लांबूनही दिसतात. पण खाली वाकून बसलात तर ओल्या कातळावर निळी-जांभळी सीतेची आसवं दिसतील. दिसायला इतकी नाजूक, आणि ती कीटक खाते. कातळावरच्या पातळ मातीत नत्र कमी, म्हणून पाण्यातले सूक्ष्म जीव पकडायला मुळांच्या भागात बारीक फुगे. शेजारीच दवबिंदू नावाचं रोप असतं. त्याच्या पानांवरचे चमकणारे थेंब म्हणजे चिकट सापळे.

याच दिवसांत मी एक फूल शोधत फिरते, त्याचं नाव कंदीलपुष्प. गावात काही जण खर्पुडी म्हणतात. गवतात दडलेला बारीक वेल किंवा रोप, आणि त्यावर कंदिलासारखं फूल. खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेला पिंजरा. वासाला भुलून बारीक माश्या नळीत उतरतात. आत खालच्या दिशेनं वळलेले केस असतात, त्यामुळे आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. माशी आत धडपडते, परागकण अंगाला चिकटतात. मग फूल कोमेजायला लागतं, केस मऊ पडतात आणि कैदी सुटतो. सुटून तो थेट दुसऱ्या कंदिलात! या वंशातल्या अनेक जाती फक्त सह्याद्रीत सापडतात, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले प्रा. एस. आर. यादव यांनी त्यांच्या अभ्यासाला आणि संवर्धनाला कितीतरी वर्षं दिली आहेत. या रोपाचा कंद माणसं खातात, रानडुकरं खातात, साळिंदर खातं. आता त्यात फोटो काढून झाल्यावर रोप उपटून कुंडीत लावायला नेणाऱ्यांची भर पडली आहे. म्हणून मला ते कुठे सापडलं, हे मी कुणालाही सांगत नाही. आज चहाच्या वेळी विचारलंत तरी सांगणार नाही. मी नोंदी आयनॅचरलिस्ट या अ‍ॅपवर टाकते, तिथेही दुर्मीळ जातींची नेमकी जागा मुद्दाम धूसर करून दाखवली जाते.

पाऊस संपता संपता आठवते ती कारवी. आपल्यापैकी ज्यांची आजोळं घाटाकडे आहेत, त्यांच्या घरांचे कूड कारवीचेच होते. ही कारवी दर वर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षं नुसती वाढते, मग एका वर्षी अख्खा उतार एकदम जांभळा होतो, मधमाश्यांचा नुसता गजर चालतो, आणि बी धरून सगळी झुडपं मरून जातात. वाळलेली बोंडं नंतर ओलावा लागला की तडतड फुटतात आणि बी लांब फेकतात. तो आवाज शांत डोंगरात चांगला ऐकू येतो.

आपण शाळा सोडून तीस वर्षं झाली. कारवीच्या हिशोबानं जेमतेम चार फुलोरे. एवढ्या वेळात आपली लग्नं झाली, मुलं मोठी झाली, केस पांढरे झाले. आता समजा, कारवी फुलली त्याच वर्षी, बी पडायच्या आत त्या उताराला वणवा लागला. मग तो उतार पुढच्या पावसात उगवणार कुठून? एका दुपारच्या काडीपेटीनं सात-आठ वर्षांचं सगळं भांडवल जातं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री भोरच्या रस्त्यानं येताना डोंगरावर आगीची माळ दिसते. लहानपणी आपल्याला ती दिवाळीसारखी सुंदर वाटायची. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं, हा जुना समज अजून आहे. काही वेळा कुणाची विडी असते, काही वेळा पर्यटकांची चूल. रातवा हा पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो, लाव्या आणि चंडोल गवतात घरटी करतात. काजव्यांच्या अळ्या पाचोळ्याखाली असतात. हे सगळं भाजून निघतं. उघडी पडलेली माती जूनमध्ये वाहून खाली येते, आणि खाली भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी ही आपलीच धरणं आहेत. वणवा वर लागतो, गाळ खाली साठतो.

आता देवराईविषयी. भोर-वेल्ह्यात काळूबाई, जननी, वाघजाई, शिरकाई, भैरवनाथ यांच्या नावानं राखलेल्या राया अजून आहेत. पुण्याचे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या आणि १९७६मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. आपल्या आजीला जे ठाऊक होतं, की राईतली काटकी घरी आणायची नाही, त्यामुळे किती मोलाचं जंगल टिकलं, ते या अभ्यासानं जगाला कळलं.

अशा एका राईत मी आठ वर्षं जाते आहे. तिथे शेकरू आहे. आपल्या राज्याचा प्राणी म्हटलं की सगळे भीमाशंकरचं नाव घेतात, पण आपल्याकडेही तो आहे. आधी ऐकू येतो, झाडाच्या शेंड्यावरून खडखडाट केल्यासारखा आवाज, मग तांबूस-तपकिरी लांब शेपूट दिसते. काड्या-पानांचं चेंडूसारखं घरटं तो उंच, बारीक फांद्यांवर बांधतो, म्हणजे जड शिकारी तिथवर पोचत नाही. एका हिवाळ्यात मी पाच घरटी मोजली. पाच घरटी म्हणजे पाच शेकरू नव्हेत. एकच जनावर अनेक घरटी बांधून ठेवतं. त्यामुळे वहीत मी "घरटी पाच, शेकरू दोन" असं वेगवेगळं लिहिते.

शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर झेप घेत जातो. म्हणजे फांदीला फांदी भिडलेली राहणं, हाच त्याचा रस्ता. तीन वर्षांपूर्वी त्या राईतल्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. भक्तांनी मनापासून पैसे दिले होते. सभामंडपासाठी, पत्र्याच्या शेडसाठी आणि पेव्हर ब्लॉकच्या अंगणासाठी मधले दोन बेहडे आणि एक जुनं जांभूळ गेलं. झाडं तीनच. पण राईचे दोन तुकडे झाले. त्यानंतर ओढ्याच्या बाजूच्या तुकड्यात मला नवं घरटं दिसलेलं नाही. देवाच्या नावानं शेकडो वर्षं राखलेली झाडं देवाच्याच नावानं तोडली गेली, आणि कुणाच्या मनात वाईट हेतू नव्हता. हेच मला जास्त टोचतं.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहणार नाही. माझ्या मामाची भातशेती डोंगराला लागून आहे. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात. एका रात्रीत खाचर नांगरल्यासारखं करून टाकतात. मामा आणि मामेभाऊ माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवत रात्र काढतात. पंचनामा, अर्ज, हेलपाटे हे सगळं वेगळं. एकदा मी उत्साहानं डुकरांच्या पिल्लांचे फोटो दाखवायला गेले, तर मामा म्हणाला, "तू फोटो काढतीस गं, आमी रात काढतो." त्या दिवसापासून माझ्या नोंदीत एक रकाना वाढला, "कुणाचं किती नुकसान". जंगल वाचवायचं असेल, तर त्याचा खर्च फक्त डोंगराकडेच्या शेतकऱ्यानं सोसायचा, हे चालणार नाही.

आणि जनावरं खाली का येतात, हेही बघायला हवं. ९ डिसेंबर २०२०ला कोथरूडच्या सोसायटीत गवा शिरला होता. गर्दी, पाठलाग, दोऱ्या, आणि दिवस संपायच्या आत तो मेला. तो नेमका कुठून आला होता, हे त्याला विचारायला कुणाला सवड नव्हती. पण आपल्या बाजूचे डोंगर बघा. "सह्याद्रीच्या कुशीत प्लॉट" अशा पाट्या प्रत्येक वळणावर आहेत. जेसीबी उतार कापतो, तारेचं कुंपण पडतं, रात्रभर दिवे जळतात. जनावराची वाट मध्येच संपते. हे प्लॉट घेणारे परके कुणी नाहीत. बहुतेक माझ्यासारखे शहरात नोकरी करणारे आहेत, आणि या सभागृहातही काही जण बसले आहेत. मी कुणाला घेऊ नका म्हणत नाही. पण घेतलाच तर उतार सपाट करू नका, जाळ्या आणि झुडपं राहू द्या, कुंपणाखालून साळिंदर जाईल एवढी फट ठेवा, आणि मे-जूनचे तीन आठवडे बाहेरचे दिवे विझवा. याला एक रुपयाही लागत नाही.

शेवटी एक मागणं, आणि ते मुख्यतः शाळेकडे आहे. आपल्या बाईंनी आठवीत आम्हाला एकेक झाड वाटून दिलं होतं, वर्षभर त्याची चित्रं काढायला. आज हेच काम सीझनवॉच नावाचा उपक्रम देशभर करतो आहे. एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला पालवी, फूल, फळ एवढंच नोंदवायचं. आपल्या तुकडीतर्फे शाळेला काही वस्तू भेट द्यायची चर्चा चालू आहे. कूलर द्या, प्रोजेक्टर द्या, जरूर द्या. पण सोबत एक जाड पुठ्ठ्याची वहीही देऊ या. पाचवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गानं मैदानाकडेच्या झाडांची, पहिल्या पावशाची, पहिल्या काजव्याची तारीख त्यात लिहावी. जे गावात राहतात त्यांनी आपल्या राईची एक नोंद वर्षातून एकदा आणून द्यावी. आणि राईत पुढचा जीर्णोद्धार ठरला, तर नकाशा काढायच्या आधी ग्रामसभेत कुणीतरी ही वही उघडून दाखवावी.

माझ्या बारा वर्षांच्या नोंदींची एक प्रत मी आज ग्रंथालयासाठी मुख्याध्यापकांकडे देते आहे. अक्षर वाईट आहे, ते सरांना जुनंच आहे. पुढची पानं कोरी ठेवली आहेत.